रॉक गिटारचे दिग्गज: ऐकायचे कसे, शिकायचं काय, वाजवायचं कुठून

ओपन कॉर्ड्स येतात. बार कॉर्डमधली एखादी तार अजून नीट दबत नाही. मित्रांच्या बैठकीत चार-सहा गाणी वाजवून झाली आहेत. आणि मग कुणीतरी जो सॅट्रिआनी नाहीतर एडी व्हॅन हेलन ऐकवतं. यानंतर बहुतेक नव्या वादकांचं दोनपैकी एक होतं. काहीजण 'हे आपल्याच्याने होणार नाही' म्हणत गिटार कपाटावर ठेवून देतात. काहीजण त्याच रात्री टॅब (कुठली तार कुठे दाबायची ते आकड्यांत लिहिलेलं) उघडून त्याच वेगाने वाजवायला जातात आणि महिनोन्‌महिने गोंगाटाच्या पुढे सरकत नाहीत. हा लेख दोघांसाठी आहे.

मला सांगायचं आहे ते एवढंच की कौतुक नेमकं करायला शिका. 'काय वाजवतो राव!' इथे थांबू नका. कुठल्या सेकंदाला, कुठल्या तारेवर, कुठल्या हाताने काय झालं आणि ते आपल्याला का भिडलं, हे सांगता आलं पाहिजे. तेवढं जमलं की वाजवायचं कुठून हा प्रश्न उरत नाही. आणि ज्यांना वाजवायचं नाही, नुसतं ऐकायचं आहे, त्यांचं ऐकणंही यानेच बदलतं.

आधी जवळ काय हवं

- इलेक्ट्रिक गिटार. महाग नको, पण सेटअप केलेली हवी. तारा फ्रेटबोर्डपासून (मानेवरच्या, फ्रेट म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या बसवलेल्या फळीपासून) फार वर असतील तर बेंड करताना, म्हणजे तार ढकलून सूर चढवताना, बोटं सोलून निघतात आणि दोष आपलाच वाटतो. दुकानातून घेतानाच ॲक्शन (तारांची उंची) आणि इंटोनेशन (सगळ्या फ्रेटांवर सूर बरोबर लागणं) करून मागा.
- नऊ नंबरच्या तारांचा सेट, म्हणजे पहिली, सगळ्यात पातळ तार ०.००९ इंचाची. सुरुवातीला दहाच्या मागे लागू नका.
- एक मिलिमीटर किंवा त्याहून जाड पिक, दोन-तीन आकारांत. पातळ पिक कॉर्ड्सला छान, पण वेगात वाकतं आणि उशीर करतं.
- छोटा प्रॅक्टिस ॲम्प, किंवा ऑडिओ इंटरफेस आणि हेडफोन. सोसायटीत राहणाऱ्यांना दुसरा पर्याय जास्त सोयीचा.
- ट्यूनर आणि मेट्रोनोम. दोन्ही फोनवर फुकट मिळतात.
- सूर न बदलता गाणं सावकाश करणारं काहीतरी. यूट्यूबचा वेग कमी करण्याचा पर्याय सुरुवातीला पुरतो. एकच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकायचा तर फुकट मिळणारं 'ऑडॅसिटी' चांगलं.
- वही. तिचं काम पुढे कळेल.

फ्लॉइड रोझ पद्धतीचा, दोन्हीकडून तारा घट्ट अडकवणारा ब्रिज असलेली गिटार पहिली म्हणून घेऊ नका, कितीही मोह झाला तरी. व्हॅन हेलन आणि स्टीव्ह वाय यांच्या गिटारवर तो ब्रिज पाहून सगळ्यांनाच तो हवा असतो. पण त्यावर एक तार बदलली की सगळं ट्यूनिंग हलतं, आणि नवख्या माणसाचा अख्खा रविवार स्क्रूशी झटापट करण्यात जातो. साधा, न हलणारा ब्रिज घ्या.

१. एक वादक निवडा, त्याचा एक अल्बम घ्या

'जगातले सर्वोत्तम पन्नास गिटारवादक' अशा याद्यांच्या नादी लागू नका. त्यातून नावं पाठ होतात, कान तयार होत नाही. त्यापेक्षा यांच्यातला कोण कुणाकडून आला हे पाहिलं की निवड सोपी जाते.

जिमी हेंड्रिक्सने १९६७ मध्ये मॉन्टेरीच्या महोत्सवात आणि त्याच वर्षीच्या रेकॉर्डांवर गिटारचा आवाज कायमचा बदलून टाकला. १८ सप्टेंबर १९७० ला तो गेला. ती बातमी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर शाळेच्या फुटबॉल संघात खेळणाऱ्या एका चौदा वर्षांच्या मुलाला कळली. त्याने संघ सोडला आणि गिटार धरली. तो जो सॅट्रिआनी. काही वर्षांत तो शिकवू लागला आणि त्याच्याकडे शेजारच्या गावातला एक मुलगा शिकायला आला, तो स्टीव्ह वाय. पुढे सॅट्रिआनी कॅलिफोर्नियात बर्कलीला गेला, तिथे त्याच्याकडे मेटॅलिका या मेटल बँडचा कर्क हॅमेट शिकला. वाय अमेरिकन संगीतकार फ्रँक झापाच्या अवघड रचना कानाने ऐकून स्वरलिपीत उतरवायचा. त्या कामावरूनच झापाने त्याला जवळ केलं आणि १९८० मध्ये बँडमध्ये घेतलं. ज्याला आज लोक 'दुसऱ्या ग्रहावरचा' म्हणतात त्याची पहिली नोकरी ऐकून लिहून काढण्याची होती, हे विसरू नका. तुमची वही त्यासाठीच आहे.

दुसरी शाखा युरोपची. डीप पर्पल या बँडच्या रिची ब्लॅकमोरने 'हायवे स्टार'च्या सोलोत, म्हणजे गिटार एकटी पुढे येते त्या तुकड्यात, बाखच्या धाटणीची स्वरवाक्यं रॉकमध्ये आणली. ते गाणं १९७२ च्या 'मशीन हेड' अल्बमवर आहे. त्या ब्लॅकमोरवर आणि व्हायोलिनवादक पागानिनीवर वेडं प्रेम करणारा स्वीडनचा इंगवे मामस्टीन १९८४ मध्ये 'रायझिंग फोर्स' घेऊन आला, आणि पुढची काही वर्षं सगळे वेगाच्या मागे धावले.

या दोन्हींच्या मधोमध एडी व्हॅन हेलन. १९७८ चा त्याच्या बँडचा पहिला अल्बम लावा आणि दुसऱ्या क्रमांकाचं 'इरप्शन' ऐका. पावणेदोन मिनिटांपेक्षाही लहान आहे ते.

आणि एक वेगळाच कोपरा जेफ बेकचा. पिक बाजूला ठेवून नुसत्या बोटांनी वाजवायचा. करंगळी आवाजाच्या नॉबवर, हाताखाली ट्रेमोलोचा, सूर खालीवर करणारा दांडा. १९७५ चा 'ब्लो बाय ब्लो' जॉर्ज मार्टिनने केला, बीटल्सचे अल्बम करणारा तोच.

नव्या माणसाने सॅट्रिआनीच्या १९८७ च्या 'सर्फिंग विथ द एलियन'पासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. त्याच्या चाली गुणगुणता येतात. वेग असतो, पण चालीच्या पोटात असतो. मामस्टीन आणि जॅझ-रॉकचा ॲलन होल्ड्सवर्थ नंतरसाठी ठेवा. होल्ड्सवर्थ तर फार नंतर; त्याच्या कॉर्ड्स कळायला कानाला वर्षं लागतात, आणि तो आनंद घाईत वाया घालवू नये.

निवडलेला अल्बम महिनाभर ऐका. दुसरं काही ऐकू नका असं नाही, पण वहीत फक्त त्याचंच लिहा.

२. वाजवण्याआधी गा

ही पायरी सगळे गाळतात आणि सगळ्यांचं इथेच अडतं. सोलो गाता येत नसेल तर तो कानात पूर्ण उतरलेला नाही. बोटांना टॅबवरचे आकडे माहीत होतात, पण कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा ते कळत नाही.

सरावाला पिंक फ्लॉइडचं १९७९ चं 'कम्फर्टेबली नम्ब' घ्या. त्यात डेव्हिड गिलमोरचे दोन सोलो आहेत. पहिला मेजरमध्ये, डी वर. दुसरा, शेवटचा, बी मायनरमध्ये. पहिला आधी गा, तो छोटा आहे. सूर थोडा इकडेतिकडे झाला तरी चालेल. वाक्य कुठे सुरू होतं, कुठे संपतं आणि मध्ये किती वेळ शांतता आहे एवढं बरोबर आलं पाहिजे. शेवटच्या सोलोबद्दल गिलमोरने स्वतः सांगितलं आहे की पाच-सहा सोलो वाजवून त्यातले उत्तम तुकडे निवडून तो जोडला. म्हणजे जे आपल्याला एका दमात सुचल्यासारखं वाटतं त्यामागे ऐकणं, निवडणं आणि टाकून देणं आहे. हे कळलं की स्वतःचा सोलो एका झटक्यात सुचत नाही म्हणून वाईट वाटत नाही.

ज्यांना गायची लाज वाटते त्यांनी मोटारसायकलवर हेल्मेटच्या आत गावं. मी गंभीरपणे सांगतोय. पुण्याच्या रहदारीत यापेक्षा खाजगी जागा मिळत नाही.

३. चार सेकंद घ्या आणि उलगडा

अख्खा सोलो शिकायला घेऊ नका. तुम्हाला जिथे काटा येतो ते चार-पाच सेकंद शोधा. वहीत वेळ लिहा: मिनिट, सेकंद. मग वेग अर्धा करा आणि पुढचे प्रश्न विचारा. पहिला स्वर कुठला? तो थेट वाजला की खालून ओढून वर नेला? पुढचा स्वर पिकने आला की डाव्या हाताच्या बोटाने आपटून? शेवटचा स्वर स्थिर आहे की थरथरतो? थरथर लगेच सुरू होते की जरा थांबून?

उत्तरं लिहून झाली की मगच टॅब उघडा. इथे सापळे बरेच आहेत.

पहिला सापळा टॅबचाच. नेटवरचे फुकट टॅब कुणीतरी हौशी माणसाने लिहिलेले असतात. स्वर बरोबर असला तरी तार आणि फ्रेट वेगळे असू शकतात. एकच स्वर गिटारवर चार-पाच ठिकाणी मिळतो, आणि तिसऱ्या तारेवरचा स्वर पहिल्या तारेवरच्या त्याच स्वरापेक्षा जाड, गोल वाजतो. म्हणून वादकाचा हात दिसेल असा कार्यक्रमाचा व्हिडिओ शोधा आणि ताडून पाहा.

दुसरा सापळा ट्यूनिंगचा. हेंड्रिक्स आणि व्हॅन हेलन बहुतेक वेळा गिटार अर्धा स्वर खाली उतरवून वाजवत. आपल्या पेटीच्या भाषेत, सहावी मोकळी तार पांढरी तीनऐवजी काळी दोनवर. रेकॉर्डसोबत वाजवताना सगळंच सारखं अर्ध्या स्वराने चुकत असेल तर स्वतःच्या कानाला बोल लावण्याआधी ट्यूनिंग तपासा.

तिसरा सापळा म्हणजे स्टुडिओ आणि कार्यक्रम यांची सरमिसळ. हे लोक दरवेळी तेच वाजवत नाहीत. एक रेकॉर्डिंग ठरवा आणि त्यालाच धरून राहा.

४. डावा हात: बेंड आणि व्हायब्रेटो (स्वराची थरथर), बाकी सगळं नंतर

कुठलाही दिग्गज दोन सेकंदांत ओळखू येतो तो वेगामुळे नाही, व्हायब्रेटोमुळे. त्यामुळे माझ्या हातात असतं तर पहिले तीन महिने मी कुणालाही जलद काहीच वाजवू दिलं नसतं.

बेंडची परीक्षा अशी घ्या. तिसऱ्या तारेचा नववा फ्रेट वाजवा आणि तो स्वर कानात ठेवा. आता त्याच तारेचा सातवा फ्रेट दाबा, वाजवा आणि तार वर ढकलून तो स्वर नवव्या फ्रेटच्या स्वरापर्यंत न्या. पोहोचलात असं वाटलं की तिथेच धरून ठेवा आणि ट्यूनरकडे पाहा. सुरुवातीला बहुतेकांचा स्वर थोडा कमी पडतो. तार एका बोटाने ढकलायची नाही. अनामिका स्वरावर, तिच्या मागे मधलं आणि तर्जनी आधाराला, आणि ताकद बोटांतून नाही, मनगट फिरवून. अंगठा गिटारच्या मानेवरून वर येऊ द्या. शास्त्रीय गिटारच्या शिक्षकाला ते रुचणार नाही, पण रॉकमध्ये हेंड्रिक्सपासून सगळ्यांचा अंगठा तिथेच असतो.

ज्यांनी सतार ऐकली आहे त्यांना हे लवकर उमजेल, कारण मींडही तार आडवी ओढूनच निघते आणि तिथे अर्धवट पोहोचलेला स्वर कुणी चालवून घेत नाही. तोच कान इथे लावा.

व्हायब्रेटो म्हणजे छोटे छोटे बेंड, एका लयीत. मेट्रोनोम साठवर ठेवा आणि एका ठोक्यात दोन वेळा तार हलवा, मग तीन, मग चार. प्रत्येक वेळी स्वर मूळ जागी परत आला पाहिजे. हे कंटाळवाणं आहे हे मान्य. पण सरावातल्या दहा मिनिटांचं याइतकं चीज दुसऱ्या कशात होत नाही.

५. टॅपिंग: जवळून पाहिलं तर

'इरप्शन'मध्ये साधारण एका मिनिटाला तो प्रसिद्ध तुकडा येतो. ऐकताना वाटतं की दोन गिटार आहेत, नाहीतर कीबोर्ड. हातांकडे पाहिलं तर घटना तीन स्वरांची आहे. दुसऱ्या तारेवर उजव्या हाताच्या बोटाने नववा फ्रेट आपटायचा. ते बोट उचलताना तार किंचित आडवी ओढून सोडायची, म्हणजे डाव्या हाताने आधीच दाबून ठेवलेला दुसरा फ्रेट वाजतो. मग डाव्या हाताचं दुसरं बोट पाचव्या फ्रेटवर आपटायचं. नऊ, दोन, पाच. नऊ, दोन, पाच. तीन स्वर मिळून एक मायनर कॉर्ड झाली. पुढे बोटं सरकतात आणि कॉर्ड बदलते, पण यंत्रणा हीच.

पहिल्याच संध्याकाळी हे सावकाश येतं, आणि आलं की माणूस हरखून जातो. अडचण असते ती मोकळ्या सुटलेल्या बाकीच्या तारांची. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज खरखरीत करणारा परिणाम, लावलं की त्या गुणगुणतात आणि सगळा चिखल होतो. उजव्या हाताचा तळवा खालच्या सुरांच्या जाड तारांवर हलका टेकवा. पातळ तारा डाव्या तर्जनीच्या पोटाने शांत ठेवा. काही वादक मानेच्या टोकाशी कापडाची पट्टी किंवा केसांचा रबर गुंडाळतात, तेही चालतं.

टॅपिंग व्हॅन हेलनच्या आधीही होतं. त्याने ते अशा ताकदीने आणि अशा आवाजात समोर आणलं की जगभरचे वादक चकित झाले. आणि हेही लक्षात असू द्या की 'इरप्शन' हा मुळात कार्यक्रमाआधी हात गरम करायला वाजवायचा तुकडा होता. निर्माता टेड टेम्पलमनने तो स्टुडिओत ऐकला आणि रेकॉर्ड करून घेतला. त्यात एक चूक राहिली आहे असं एडी नंतर स्वतः सांगत असे. आपल्याला मात्र ती सापडत नाही.

मायकल जॅक्सनच्या 'बीट इट'मधला सोलोही एडीचाच. जॅक्सनच्या १९८७ पासूनच्या जगदौऱ्यात तो सोलो रोज मंचावर वाजवायची ती जेनिफर बॅटन. तिचे व्हिडिओ जरूर पाहा. दोन हातांचं टॅपिंग तिने फार पुढे नेलं, आणि नंतर ती जेफ बेकच्या बँडमध्येही होती. ती लॉस एंजेलिसच्या म्युझिशियन्स इन्स्टिट्यूटमध्ये शिकली. आपल्या शंकर-एहसान-लॉयमधले एहसान नूरानीही तिथलेच.

६. वेग: शेवटी आणि तुकड्यातुकड्याने

नेहमीचा सल्ला असतो की मेट्रोनोम सावकाश ठेवा आणि रोज थोडा वाढवा. तो चूक नाही, पण अपुरा आहे. सावकाश वाजवताना हाताची जी हालचाल चालून जाते ती वेगात चालतच नाही, त्यामुळे एका आकड्याला येऊन सगळे अडकतात.

त्यासाठी चार-चार स्वरांचे झटके वाजवा. चार स्वर पूर्ण वेगाने, पुढच्या ठोक्यावर पाचव्या स्वराला थांबा. हात सैल सोडा. पुन्हा. असे दोन झटके जोडले की आठ स्वर. अडचण बहुतेकदा तार बदलताना येते. पिक दोन तारांच्या मध्ये अडकतं का, हे फोनवर जवळून व्हिडिओ काढून सावकाश पाहा. मामस्टीनच्या वेगामागचं एक कारण इथेच आहे: तो पिक किंचित तिरकं धरतो आणि ओळी अशा बांधतो की तार बदलायच्या क्षणी पिक आपोआप तारांच्या वर आलेलं असतं. जिथे जमत नाही तिथे तो पिक न मारता बोटांनी स्वर काढून पुढे जातो.

मनगटात किंवा कोपरात दुखायला लागलं तर थांबा, त्याच क्षणी. बोटांची टोकं हुळहुळणं वेगळं आणि सांधा दुखणं वेगळं. दुसऱ्याकडे दुर्लक्ष करून चांगले चांगले वादक महिनोन्‌महिने घरी बसले आहेत.

७. सुरांचे नकाशे आपल्या घरचेच आहेत

इंग्रजी पुस्तकांत लिडियन, डोरियन, फ्रिजियन अशी नावं आली की नवा माणूस बिचकतो. घरात पेटी असेल, लहानपणी गाण्याच्या क्लासला गेला असाल, तर यातलं बरंच तुम्हाला आधीच येतं.

पहिल्या तारेवर, मोकळ्या तारेला सा मानून हे फ्रेट वाजवा: ०, २, ४, ६, ७, ९, ११, १२. तीव्र मध्यम ओळखीचा वाटला? हे यमनचे स्वर, म्हणजेच लिडियन. सॅट्रिआनीचा हा फार लाडका रंग आहे. १९८९ च्या 'फ्लाइंग इन अ ब्लू ड्रीम'ची चाल त्यातच तरंगते. आता हे वाजवा: ०, २, ३, ५, ७, ८, ११, १२. हे किरवाणीचे स्वर, पाश्चात्त्यांचा हार्मोनिक मायनर, मामस्टीनचं घर. रॉकमध्ये सगळ्यात जास्त चालणारी मायनर पेंटाटोनिक म्हणजे धानीचे पाच स्वर. मेजर पेंटाटोनिक म्हणजे भूपाचे.

राग म्हणजे नुसते स्वर नव्हेत हे मला ठाऊक आहे, आणि यमनचे स्वर वाजवले म्हणून यमन होत नाही. पण हात कुठे ठेवायचा आणि कुठल्या स्वराने कुठला भाव येतो हे समजायला हा रस्ता आपल्यासाठी जवळचा आहे. तानपुऱ्याचं ॲप पांढरी तीनवर लावा, वर दिलेले फ्रेट एकाच तारेवर मागेपुढे फिरवा, आणि तीव्र मध्यमावर जरा रेंगाळा. सॅट्रिआनीला तिथे काय सापडलं ते कळेल.

या दोन जगांची खरी गाठ इंग्लिश गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिनने घातली. १९७० च्या दशकात त्याने माहीमच्या झाकीर हुसेन यांच्यासोबत 'शक्ती' हा बँड उभा केला. फ्रेटच्या मधलं लाकूड खोल कोरलेली गिटार तो वाजवायचा, म्हणजे मींड सतारीसारखी ओढता यावी. हीच कोरीव फ्रेटबोर्डाची युक्ती ब्लॅकमोर आणि मामस्टीनच्याही गिटारवर आहे.

८. आवाजाच्या मागे पैसे घालवण्याआधी

गिलमोरची काळी स्ट्रॅटोकास्टर २०१९ मध्ये लिलावात सुमारे चाळीस लाख डॉलरना गेली. ती रक्कम त्याने हवामानबदलावर काम करणाऱ्या संस्थेला दिली. आणि व्हॅन हेलनची लाल-पांढरी गिटार? वेगवेगळ्या गिटारांचे सुटे भाग जोडून त्याने स्वतः केलेली. क्वीनच्या ब्रायन मेने तर वडिलांसोबत घरीच गिटार बनवली, मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड वापरून, आणि आयुष्यभर तीच वाजवली.

नव्या पेडलआधी (आवाज बदलणाऱ्या पायाखालच्या डबीआधी) पुढच्या गोष्टी करून पाहा. डिस्टॉर्शन तुम्हाला हवं वाटतं त्याच्या निम्म्यावर आणा. मिड, म्हणजे मधल्या सुरांचा नॉब, वाढवा; घरात एकट्याने वाजवताना मिड काढून टाकलेला आवाज भारी वाटतो, पण ड्रम आणि बाससोबत तो गायब होतो. गिटारवरचा आवाजाचा नॉब सातवर आणून पाहा. रोजच्या सरावाचा अर्धा वेळ डिस्टॉर्शनशिवाय घालवा, ते बरेच दोष झाकतं.

गुणगुण येत असेल तर पंख्याचा रेग्युलेटर आणि एलईडी दिवे बंद करून पाहा. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर ते नेहमीचं आहे. पण हाताला मुंग्या आल्यासारखं झालं तर लगेच प्लग काढा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या इमारतींत हा प्रश्न खरोखर असतो आणि तो जिवावर बेतू शकतो.

कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात तारा आठवड्यात गंजतात. वाजवून झालं की सुती फडक्याने पुसा, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि गिटार बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नका.

९. शिक्षक आणि परीक्षा

शिक्षक निवडताना 'तुमचा आवडता सोलो वाजवून दाखवा आणि तो का आवडतो ते सांगा' एवढंच म्हणा. ज्याला तो का आवडतो हे सांगता येतं त्याच्याकडे जा. ट्रिनिटी आणि रॉकस्कूल या लंडनच्या मंडळांच्या रॉक गिटारच्या परीक्षा भारतात देता येतात. शिस्त हवी असेल तर उत्तम, पण प्रमाणपत्र नसल्याने बिघडत काही नाही.

१०. प्रत्यक्ष ऐका, आणि लोकांसोबत वाजवा

मोठी नावं येतात तेव्हा जा. मे २०२५ मध्ये गन्स अँड रोझेस मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर वाजवून गेले, म्हणजे त्यांचा गिटारवादक स्लॅश समोर उभा होता. पण छोट्या जागा जास्त शिकवतात, कारण तिथे हात दिसतो. इंडस क्रीडचे महेश तिनईकर, ब्लॅकस्ट्रॅटब्लूजचा वॉरन मेंडोन्सा यांच्यासारखे आपल्याकडचे वादक जवळून ऐकण्याची संधी सोडू नका. वॉरनचा एकेक स्वर कसा सुटतो ते पाहण्यासारखं आहे. गिटारवादकाच्या बाजूला, त्याचा डावा हात दिसेल असे उभे राहा. स्पीकरच्या थेट तोंडाशी नको. कानात इअरप्लग घाला. जेफ बेकला कानात सतत आवाज येण्याचा त्रास होता आणि तो बरा होत नाही.

आणि वाजवायला खोलीबाहेर पडा. बहुतेक शहरांत तासावर भाड्याने जॅमरूम मिळते. जाताना सोबत केबल, ट्यूनर, जास्तीच्या तारा, दोन-तीन पिक आणि गाण्याच्या रचनेचा कागद न्या: कुठल्या स्वरात, किती मात्रांनी सोलो, कुठे थांबायचं. पहिल्या वेळी सोलो वाजवूच नका. ड्रमरसोबत रिफ, म्हणजे गाण्यात पुन्हा पुन्हा येणारा गिटारचा तुकडा, पक्का करा. आवाज एकमेकांना ऐकू येतील इतकाच ठेवा. सोलोची जागा आली की वहीतले तुमचे ते चार सेकंद तेवढे वाजवा आणि बाकीच्या मात्रा रिकाम्या सोडा.